एल कामिनो घेताना आधी हौदा पाहावा

तुम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहता, 1971 च्या मॉडेलची एक शेवर्ले एल कामिनो, म्हणजे पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा अशी अमेरिकन गाडी, तुमच्या मनात भरली आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही गाडी घ्यावी का, घेतल्यास तिच्यात कोणते बदल आधी करावेत, आणि पुढेमागे ती साताऱ्याला वडिलांकडे नेता येईल का. वर्णनही तुम्ही नीट दिले आहे. ताजा लाल रंग, पुढच्या जाळीवर ‘एसएस’ची (‘सुपर स्पोर्ट’ या खास पॅकेजची) चिन्हे, 350 घनइंचांचे व्ही-8 इंजिन, तीन गिअरांचा टर्बो-हायड्रामॅटिक 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि हौद्यात काळ्या रबरी लेपाचा फवारा. एलएस घराण्यातले (शेवर्लेच्या अलीकडच्या व्ही-8 इंजिनांपैकी) नवे इंजिन बसवावे, गाडी चार इंच खाली घ्यावी आणि शनिवार-रविवारी तिच्यातून बागेची माती, लाकूड आणि मोटारसायकल न्यावी, असा तुमचा बेत आहे.

माझे सगळे उत्तर एका गोष्टीवर उभे आहे. दारांपासून पुढे एल कामिनो म्हणजे शेव्हेल, शेवर्लेचीच त्या काळची मोटार. तिचे मडगार्ड, बॉनेट, बंपर, पुढचे सस्पेन्शन, इंजिन, गिअरबॉक्स यांतील जवळजवळ सर्व काही आजही नवे मिळते, कारण शेव्हेल लाखांनी विकली गेली आणि तिचे शौकीन आजही भरपूर आहेत. दारांमागे मात्र ती धड मोटार नाही आणि धड ट्रकही नाही. हौद्याचा तळ, बाजूचे लांब पत्रे, फाळका, मागची वळणदार काच आणि त्या काचेभोवतीच्या पट्ट्या हे सारे फक्त तिचेच आहे. ते मिळाले तर महाग मिळते, आणि बसवण्याची मजुरी बहुतेक वेळा भागाच्या किमतीच्या वर जाते. म्हणून अशी गाडी मागून पुढे पाहत घ्यावी आणि पैसे खर्च करताना मागचा भाग शक्य तितका मूळ ठेवावा. तुमच्या विक्रेत्याने नेमका मागचा भागच काळ्या लेपाखाली झाकला आहे.

हे असे का झाले, हे या गाड्यांच्या जन्मकथेत आहे. बंद केबिनच्या मोटारीला एकसंध हौदा जोडण्याची कल्पना मूळची ऑस्ट्रेलियाची. रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरे घेऊन बाजाराला जाता येईल अशी गाडी द्या, असे पत्र एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्डला लिहिल्याचे सांगितले जाते. गिलाँगच्या कारखान्यातील लू बँड्ट या तरुण अभियंत्याने मोटारीची केबिन आणि हौदा एकाच पत्र्याच्या ओघात जोडून 1934 मध्ये ‘कूप युटिलिटी’ तयार केली. तिकडे तिलाच ‘यूट’ म्हणतात, आणि होल्डनची शेवटची यूट 2017 पर्यंत बनत होती. अमेरिकेत ही तऱ्हा उशिरा आली. फोर्डने 1957 च्या मॉडेलपासून रँचेरो आणली, शेवर्लेने 1959 मध्ये एल कामिनो. पहिल्या एल कामिनोचे उत्पादन दोनच वर्षांत थांबले. 1964 मध्ये ती शेव्हेलच्या पायावर परत आली आणि 1987 पर्यंत टिकली. रँचेरो मात्र 1979 मध्येच संपली. या गाड्यांच्या घडणीची मेख अशी की कारखान्याने हौद्यासाठी वेगळा तळ घडवला नाही. स्टेशन वॅगनचा तळ जसाच्या तसा घेऊन त्यावर हौद्याचा पत्रा अंथरला. वॅगनमध्ये मागे बसणाऱ्यांचे पाय जिथे ठेवले जात, तो खड्डा त्या पत्र्याखाली तसाच राहिला. अमेरिकन शौकीन त्याला गमतीने तस्करांची पेटी म्हणतात. काही वर्षांच्या गाड्यांत वरचा पत्रा स्क्रू काढून उघडता येतो आणि आत जॅक, पाने किंवा चाळीस वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे सापडतात. बहुतेकदा मात्र त्यात गंज सापडतो.

या खड्ड्यात पाणी कुठून येते, ते समजले की पाहणी कशी करायची ते आपोआप कळते. 1968 ते 1972 च्या एल कामिनोत केबिनचे मागचे खांब उताराने हौद्याच्या कडांपर्यंत जातात आणि काच त्यांच्या मधोमध आत दबलेली असते. पाऊस आणि झाडाचा पाला त्या कोपऱ्यांत साचतो. काचेभोवतीची चकचकीत पट्टी ज्या बारीक खुंट्यांवर अडकवलेली असते, त्या खुंट्यांच्या मुळाशी रंग फुटतो आणि गंजाला वाट मिळते. पत्र्याला टाचणीएवढे भोक पडले तरी पाणी आतल्या बाजूने सीटमागच्या पत्र्यावर उतरते, तिथून खड्ड्यात जाते आणि गालिच्याखाली वर्षानुवर्षे दबून राहते. बाहेरून रंग लाल आणि लखलखीत दिसतो, आणि तळ मात्र पापडासारखा झालेला असतो. छताला व्हिनाइलचे आवरण असेल तर धोका दुप्पट समजावा, कारण ते आवरण ओल धरून ठेवते आणि त्याखालचा गंज फुगवटा येईपर्यंत कोणाच्याच नजरेला पडत नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाची ओळख करून घेण्यासाठी मला कुठे जावे लागले नाही. माझी पहिली एल कामिनो मी अशाच ताज्या रंगावर भाळून घेतली होती. दोन महिन्यांनी मागच्या चाकाच्या कमानीजवळ एक बुडबुडा दिसला, तो मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला, आणि तळहाताएवढी पुट्टी निखळून हातात आली. पुट्टीच्या मागे पत्राच नव्हता. कोणीतरी तिथे तारेची जाळी बसवून वर पुट्टी थापली होती. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. खिशात साधे लोहचुंबक असते तर मला ते त्याच दिवशी कळले असते.

तुम्ही चुंबक जरूर न्या, आणि त्याला पातळ कापड गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. मागच्या चाकांच्या कमानी, त्यांच्यामागचा पत्र्याचा खालचा भाग, दारांमागच्या कोपऱ्यांचे तळ, मागच्या काचेची खालची कड आणि फाळक्याची तळकड या ठिकाणी ते फिरवा. जिथे चुंबक सैल पडते, तिथे पुट्टी जाड आहे. फाळका उघडून दोन्ही हातांनी उचला आणि बिजागरीत खळखळ आहे का ते पाहा. मग गाडीखाली आडवे व्हा. फवारलेला काळा लेप वरून काहीही झाकू शकतो, पण हौद्याच्या तळाला खालूनही बाजू असते, आणि विक्रेता सहसा तिकडे लक्ष देत नाही. खालून पाहताना चॅसी आणि बॉडी यांच्यामधील रबरी उशा जिथे बसतात, त्या जागा हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथला पत्रा गेला आहे. सीट पुढे सरकवून गालिचा उचलण्याची परवानगी मागा. परवानगी नाकारली गेली तर उत्तर मिळाले असे समजून चहा घ्या आणि घरी या.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील गाड्या माझ्याकडच्या गाड्यांपेक्षा पुष्कळ कोरड्या असतात, हे खरे आहे. पण कोरड्या हवेतील उन्हाने दारांचे, काचांचे आणि पावसाच्या वाटेवरचे सगळे रबर तडकते, आणि मग हिवाळ्यातील मोजक्या पावसातही वर सांगितलेला प्रवास सुरू होतो. शिवाय गाडी तिथेच वाढली की कुठल्या बर्फाळ राज्यातून आली, हे मालकीच्या जुन्या कागदांवरून ताडून पाहा.

आता ‘एसएस’च्या चिन्हांबद्दल. 1971 च्या गाडीच्या ओळख क्रमांकात एसएस पॅकेजची नोंद नसते. क्रमांकाच्या आरंभी 13680 असेल तर ती व्ही-8 इंजिनाची, वरच्या दर्जाच्या सजावटीची एल कामिनो आहे, एवढेच कळते. त्यातील शेवटचे 80 हे पिकअपच्या बॉडीचे अंक. 1972 पासून क्रमांकाचे पाचवे अक्षर इंजिन सांगू लागले, पण तुमची गाडी एक वर्ष आधीची आहे. 1971 मध्ये एसएस पॅकेज 350 इंजिनावरही मिळत असे, त्यामुळे इंजिन छोटे आहे म्हणून दावा खोटा ठरत नाही. तो खोटा ठरण्याची शक्यता दुसऱ्याच कारणाने आहे: त्या पॅकेजमध्ये पुढच्या चाकांना पॉवर डिस्क ब्रेक आणि 15 इंची चाके अंतर्भूत होती, आणि तुम्ही चारही चाकांना ड्रम असल्याचे लिहिले आहे. डिस्क काढून ड्रम बसवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गाडीवर काय काय बसवायचे ते लिहिलेला आणि बनावळीच्या वेळी कारखान्यात गाडीसोबत फिरणारा कागद पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कधीकधी सापडतो. तो विक्रेत्याकडे नसेल तर गाडी साधी समजून भाव करा. साधी एल कामिनो असणे हा काही दोष नाही. उलट तुमच्या मनात बदल करायचे आहेत, तेव्हा साधीच गाडी बरी. खऱ्या एसएसचे इंजिन काढताना हात थरथरायला हवेत.

बदलांकडे वळतो. तुमच्या यादीत एलएस इंजिन पहिले आहे, माझ्या यादीत ब्रेक पहिले आहेत, आणि हा क्रम मी कोणाच्याही आग्रहाने बदलत नाही.

मोटारीवर बेतलेल्या पिकअपचा स्वभाव असा असतो की रिकामी असताना तिचे बरेचसे वजन पुढच्या चाकांवर असते. ब्रेक दाबल्यावर आणखी वजन पुढे जाते, मागची चाके हलकी पडतात आणि पुढच्यांच्या आधी लॉक होतात. मागची चाके आधी लॉक झाली की गाडी सरळ थांबत नाही, तिची शेपटी पुढे येऊ पाहते. ओल्या रस्त्यावर हे एकदा अनुभवले की आयुष्यभर पुरते. म्हणून पुढे डिस्क बसवताना केवळ डिस्क बसवून भागत नाही. डिस्कला जास्त दाब लागतो, त्यामुळे बूस्टर आणि मास्टर सिलिंडर जुळणारे हवेत, आणि मागच्या ड्रमकडे जाणारा दाब कमी-जास्त करता येईल असा व्हॉल्व्ह हवा. तो बसवल्यावर मोकळ्या, ओल्या मैदानावर हौदा रिकामा ठेवून ताशी 30 मैलांवरून ब्रेक दाबून पाहा, आणि पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी लॉक होतील इथपर्यंत व्हॉल्व्ह फिरवा. नंतर हौद्यात माती भरली की मागचे ब्रेक थोडे कमी पडल्यासारखे वाटतील. ते सोसावे, पण उलटे होऊ देऊ नये. डिस्कचे स्पिंडल, म्हणजे पुढचे चाक ज्यावर बसते तो भाग, घेताना 1964 ते 1972 च्या गाड्यांसाठी बनलेलेच घ्या. मोठ्या गाड्यांचे उंच स्पिंडल बसवण्याची एक जुनी युक्ती आहे. तिने कोपऱ्यावर पकड वाढते खरी, पण चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप वळू लागते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी सतत हात मागत राहते.

सस्पेन्शनच्या बाबतीत तुमच्या दोन इच्छा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गाडी चार इंच खाली घ्यायची आणि त्याच गाडीतून मोटारसायकल न्यायची, हे साध्या स्प्रिंगांनी जमत नाही. मागे चार इंच कमी केल्यावर चाकाच्या खाली-वर होण्यासाठी उरलेली जागा एका मोटारसायकलच्या वजनातच संपते, आणि प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरी थांब्यावर आदळतो. शिवाय ॲक्सलला चॅसीशी जोडणारे मागचे चार दांडे ज्या कोनात बसवले आहेत, तो कोन बदलल्यामुळे डिफरन्शियलचे तोंड वर किंवा खाली वळते आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट ताशी 50 मैलांच्या पुढे थरथरू लागतो. माझा सल्ला असा: पुढे दोन इंच कमी करा, मागे दीड, आणि तेही योग्य लांबीची नवी स्प्रिंग घेऊन. जुनी स्प्रिंग कापून किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून खाली बसवणाऱ्यांच्या नादी लागू नका. तापवलेल्या पोलादाचा ताव जातो, आणि ती स्प्रिंग एके दिवशी तुटते.

भारासाठी अनेकजण हवेचे शॉक अब्सॉर्बर लावतात. थोडाफार भार असेल तर ते चालतात. पण गाडीचे वजन तोलणे हे स्प्रिंगचे काम आहे, शॉकचे नाही. शॉकचे वरचे आधार झटका जिरवण्यापुरतेच केलेले असतात, आणि तिथे रोज वजन लादले की पत्र्याला चिरा जातात. माझ्या दुसऱ्या गाडीत तो आधार फाटून शॉक वर घुसला, आणि दोष सर्वस्वी माझा होता, कारण हौद्यात फरशीचे दगड मीच रचले होते. आणखी एक बारकावा म्हणजे दोन्ही शॉकची हवा एकाच नळीने जोडलेली असेल तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी आणखी कलते. म्हणून नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. याहून चांगला उपाय म्हणजे मागच्या गोल स्प्रिंगच्या पोटात बसणारी हवेची छोटी उशी. वजन तिथे स्प्रिंगच्या मूळ जागीच पडते, आणि रिकाम्या गाडीत हवा जवळजवळ काढून टाकता येते.

बुशांबद्दल, म्हणजे या दांड्यांच्या टोकांना जोडांत बसणाऱ्या नळकांड्यांबद्दल, थोडे सांगायलाच हवे, कारण इथे उत्साही लोक हमखास चुकतात. मागचे वरचे दोन दांडे तिरपे आहेत, खालचे दोन सरळ. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की हे दांडे पिळले जातात, आणि तो पीळ रबरी बुश सोसतात. त्या जागी सगळीकडे कडक पॉलियुरेथेन घातले की पीळ कुठेच जिरत नाही, सस्पेन्शन अडकते, आणि ज्या गाडीची पकड वाढवायची होती तीच वळणावर अचानक सुटते. खालच्या दांड्यांना कडक बुश घाला, वरच्यांना रबरच राहू द्या. रँचेरोची गोष्ट वेगळी आहे. 1971 पर्यंतच्या रँचेरोला मागे पाटे असतात, ते भार निमूटपणे पेलतात, आणि त्याबाबतीत मी फोर्डला झुकते माप देतो. पण 1960 ते 1971 च्या रँचेरोला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी आहे, त्यामुळे तिच्यातील गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच कुजलेला असतो.

इंजिनाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. 1999 पासूनच्या शेवर्ले ट्रकांमध्ये आलेले 5.3 लिटरचे बिडाच्या ब्लॉकचे एलएस घराण्यातील इंजिन मजबूत आहे, भंगारवाल्यांकडे भरपूर मिळते आणि कार्बोरेटरवाल्या 350 पेक्षा कमी पेट्रोल पिते. ते बसवणे शक्य आहे, हजारोंनी बसवले आहे. पण इंजिनाची किंमत हा त्या खर्चाचा छोटा भाग असतो. पुढच्या आडव्या तुळईला लागणार नाही असा तेलाचा पॅन, इंजिनाचे आधार, सायलेन्सरचे नवे पाइप, वायरिंग, संगणक, मोठा रेडिएटर आणि टाकीतच बसणारा पंप हे सगळे लागते. कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब 5 ते 7 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) पुरतो, या इंजिनाला सुमारे 58 लागतो, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी आणि जोड बदलावा लागतो. सुटे भाग मागवताना दुकानदार तुम्हाला ‘शेव्हेलचेच’ म्हणून देईल, तिथे सावध राहा. 1971 च्या दोन दारी शेव्हेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, 112 इंचांचा आहे, एल कामिनोचा चार दारी गाडी आणि वॅगनप्रमाणे 116 इंचांचा. त्यामुळे कूपचा प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेकच्या केबल आणि मागे जाणाऱ्या तयार नळ्या आखूड पडतात.

माझ्या मते पहिली दोन वर्षे इंजिन बदलू नये. तुमची खरी तक्रार शक्तीची नसणार, महामार्गावरील घरघरीची असणार. टर्बो 350 गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर, नाही. डिफरन्शियलचे गुणोत्तर 3.31 आणि टायरचा व्यास 27 इंच धरला, तर ताशी 65 मैलांना इंजिन सुमारे 2,700 फेरे घेते. त्याच जागी 200-4आर हा चार गिअरांचा गिअरबॉक्स बसवला तर 0.67 च्या ओव्हरड्राइव्हमुळे तोच आकडा 1,800 वर येतो, केबिनमध्ये बोलता येते, आणि लांबी जवळपास सारखी असल्यामुळे बहुधा जुनाच शाफ्ट चालतो. फक्त गिअरबॉक्सचा मागचा आधार सरकवावा लागतो. यात एक जागा मात्र जीवघेणी आहे. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जी केबल जाते, तिच्यावर आतील तेलाचा दाब ठरतो. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि नवा गिअरबॉक्स काही मैलांत जळतो. मी एक असाच जाळला आहे. केबल कार्बोरेटरच्या लिव्हरवर योग्य कोनात ओढली जावी म्हणून वेगळी पट्टी मिळते, ती घ्या, आणि दाबाचा मीटर जोडून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

जुने 350 इंजिन ठेवलेत तर त्याच्या कॅमशाफ्टवर सपाट टॅपेट घासतात हे लक्षात ठेवा. आजच्या मोटारींसाठीच्या तेलात जस्ताचे संयुग पूर्वीपेक्षा कमी असते, म्हणून जुन्या इंजिनांसाठी बनवलेले तेल वापरा, विशेषतः कॅम नवा असेल तर. ठिणगी देणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना त्याला पूर्ण 12 व्होल्टची वेगळी वायर द्या. कारखान्याची जुनी वायर मुद्दाम दाब कमी करणारी आहे, आणि तिच्यावर जोडलेले इग्निशन सुरू तर होते पण वेगात चुकते. हेडलाइटचा सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डच्या बटणातून जातो, तिथे रिले घाला. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. ही कामे एका शनिवारात होतात.

कागदपत्रांबाबत तुमच्या राज्यात दोन गोष्टी आहेत. मॉडेल वर्ष 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात धुराची ठरावीक तपासणी नाही, त्यामुळे तुमची गाडी तीतून सुटते. दुसरे म्हणजे तिथे एल कामिनोची नोंद मोटार म्हणून होत नाही. ती पिकअप म्हणून नोंदली जाते, तिला व्यापारी वाहनाची पाटी मिळते आणि वजनाचे शुल्क भरावे लागते, मग तुम्ही तीतून भाजी आणा नाहीतर काहीच आणू नका. विमा घेताना किंमत आधी ठरवून लिहून देणारी पॉलिसी घ्या. अशा पॉलिसीत रोजच्या कामाला जाणे किंवा माल वाहणे अनेकदा वर्ज्य असते, आणि तुमचा मातीचा बेत तिथे अडकू शकतो. सही करण्याआधी तो स्पष्ट सांगा.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. भारतात 2021 मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशा वाहनाचा रोजचा किंवा व्यापारी वापरही करता येत नाही. म्हणजे आयातीची खटपट पार पडली असे धरले, तरी एलएस इंजिन आणि खाली घेतलेली बॉडी असलेली एल कामिनो त्या नियमांत बसत नाही. गाडी कधीतरी भारतात न्यायचीच असेल तर जो भाग काढाल तो फेकू नका, पत्रा कापू नका आणि सगळे बदल परत फिरवता येतील असे करा. वडिलांची हौस हौद्याच्या मोटारीचीच असेल तर त्यांना टाटामोबाइल आठवत असेल. पुण्याच्या टाटांनी 1988 मध्ये आधी ते पिकअप बनवले, आणि मग त्याच पायावर 1991 मध्ये सिएरा आणि 1992 मध्ये इस्टेट या मोटारी आणल्या. अमेरिकेत मोटारीचा पिकअप झाला, आपल्याकडे पिकअपची मोटार झाली. नीट राहिलेली टाटामोबाइल शोधणे हे एल कामिनो बोटीने नेण्यापेक्षा स्वस्त पडेल, सोपे मात्र नाही.

तुमच्या या लाल गाडीला पाहायला दोनदा जा. पहिल्यांदा कोरड्या, लख्ख उन्हात, कारण ओल्या पत्र्यावर प्रत्येक रंग चांगला दिसतो. दुसऱ्यांदा पाऊस पडून गेल्यावर, किंवा विक्रेत्याच्या परवानगीने मागच्या काचेच्या खालच्या कडेवर दोन बादल्या पाणी ओतून. दहा मिनिटे गप्पा मारा, मग सीटमागे हात घाला. हात कोरडा निघाला आणि चुंबक कमानींवर घट्ट बसले, तर साध्या एल कामिनोचा भाव द्या आणि ड्रम ब्रेक असल्यामुळे घरापर्यंत हळू चालवत न्या.